शिफारसपत्रावरील सही

मोहफुले वेचण्याचे दिवस होते. आरमोरीजवळच्या खेड्यातील एक धान-उत्पादक शेतकरी आपल्या कन्येसह आमच्याकडे आला. मुलीला वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्येची पदवी घ्यावयाची होती. त्यासाठी आमचे शिफारसपत्र हवे होते.

"एवढ्या दूर पोरीले धाडू का जी, फादर?" बापाने विचारले.

आम्ही त्याला आयडा स्कडर यांची हकीकत सांगितली. एकाच रात्री तीन घरांतून प्रसूतीसाठी मदतीची याचना आली. मात्र पुरुष डॉक्टर कोणालाच चालेना. तिन्ही स्त्रिया दगावल्या. त्या वेदनेतून आयडा डॉक्टर झाल्या. त्यांनी वेल्लोरला १९०० साली दवाखाना आणि १९०९ साली परिचारिकांची शाळा काढली. १९४६ साली तेथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तो देशातील अगदी पहिल्यांपैकी एक.

बापाची मान हलली. मुलीने मात्र हळूच विचारले, "फादर, शिकून परत आले तर इथे मला काम कोण देईल?"

आम्ही निरुत्तर झालो. आमची पत्रे घेऊन गेलेल्या कित्येक मुली आज मुंबईत, आखातात आहेत. त्या परतल्या नाहीत म्हणून आम्ही मनोमन त्यांना दोष देत आलो. पण पावसात नाले भरले की अडलेल्या बाळंतिणीला खाटेवरून न्यावे लागते, अशा या रानात त्यांच्यासाठी आम्ही कोणती जागा राखून ठेवली होती?

आम्ही सही केली. त्या सहीने मुलीइतकेच आम्हीही बांधले गेलो आहोत. प्रिय कुटुंबीयांनो, तिच्या परतण्याची तयारी आतापासूनच करू या.