पासलीच्या वाडींतील चिनी पाहुणा

पुण्याहून सातारच्या सडकेनें निघावें, नसरापूरला उजवीकडे वळावें, बनेश्वराच्या झाडींतील महादेवाला मनोमन नमस्कार करावा आणि मार्गासनी, विंझर मागें टाकून वेल्हें गांठावें, हा त्या बाजूस जाण्याचा नेहमींचा मार्ग. वेल्हें सोडून केळदच्या रस्त्याला लागलें कीं १४०३ मीटर उंचीचा तोरणा बराच वेळ सोबत करतो, आणि शिवछत्रपतींनीं त्याला प्रचंडगड हें नांव कां दिलें असेल तें कोणी सांगावें लागत नाहीं. याच रस्त्यावर पासली हें गांव आहे. पुढें केळद आणि मढे घाट. १६७० सालीं सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, तेव्हां त्यांचा देह याच घाटानें खालीं उमरठास नेला अशी परंपरा आहे. तालुक्याचें नांव बदलून राजगड करण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला. परंतु आमच्या बसच्या वाहकानें तिकीट दिलें तें वेल्ह्याचें नांव घेऊनच.

मी गेलों तो श्रावणाचा पहिला आठवडा होता. लावणी उरकली होती. खाचरें तुडुंब भरलीं होतीं, आणि ढग इतके खालीं उतरले होते कीं एवढा मोठा गड, पण त्याची माचीही दिसेना.

माझा एक जुना विद्यार्थी पासलीजवळच्या एका वाडींत प्राथमिक शिक्षक आहे. त्याचें पत्र आलें होतें: “नागपंचमीच्या सुमारास अवश्य यावें. मुलांकडून कागदाचा चिनी ड्रॅगन करवून घेत आहें. त्याची गोष्ट आपण सांगावी.” पत्र वाचून मला प्रथम रागच आला. तोरण्याच्या सावलींत वाढणाऱ्या मुलांना शिकविण्यासारखें याला दुसरें कांहीं सुचूं नये काय? बाहुल्याच करावयाच्या तर आपल्या कोंकणांत पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आहेत, कागदावरील चित्रकथी आहे. “एवढ्या पावसांत जातां कशाला?” असें घरांतून विचारणें झालें. “चूक दाखवायला,” मीं म्हटलें. विद्यार्थ्याची चूक दाखविण्याचा अधिकार सेवानिवृत्तीनें संपत नाहीं, अशी माझी समजूत आहे.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. पटावर मुलें अकरा. पहिली ते चौथी सगळीं एकाच सतरंजीवर. मध्यें साहित्य मांडलेलें होतें: जुनीं वर्तमानपत्रें, पतंगाचा रंगीत कागद, हळद, कुंकू, गेरू, काजळ आणि डोंगरावरून तोडून आणलेल्या कारवीच्या काठ्या. खळ तांदळाच्या पिठाची होती. तींत मोरचूद घातला असता तर कसर लागली नसती, पण लहानग्यांचीं बोटें तोंडांत जातात म्हणून तो वर्ज्य केला होता. येथें मला माझा विद्यार्थी प्रथम पसंत पडला.

प्रत्येक मुलाला कागदाची एक लांब पट्टी मिळाली. ती पंख्यासारखी मुडपावयाची. एक घडी पुढें, एक मागें. घड्या सारख्या पडल्या तरच अंग लवचीक होतें. एक रुंद, एक अरुंद झाली कीं प्राणी लंगडतो. चौथीच्या मुलांनीं मोजपट्टी घेतली, पहिलीच्यांनीं बोटाचें पेर. मग पट्टीवर खवले रंगवावयाचे, सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवावयाच्या, आणि सांध्यासांध्याला एक काठी बांधावयाची. काठ्या जवळ आल्या कीं अंग आक्रसतें, दूर गेल्या कीं पसरतें, एक वर व एक खालीं झाली कीं लाट चालते.

चिनी परंपरेनें या प्राण्याचे अवयव नाना ठिकाणांहून उसने घेतले आहेत: शिंगें हरणाचीं, मान सर्पाची, खवले माशाचे, नखें गरुडाचीं, पंजे वाघाचे, कान बैलाचे आणि मस्तक उंटाचें. बैलाचे कान सर्वांनीं न विचारतां बरोबर काढले. उंट मात्र कोणीं जवळून पाहिलेला नव्हता, त्यामुळें मस्तक म्हशीचें झालें.

एका मुलानें तोंडांतून ज्वाळा काढल्या. दूरदर्शनवर त्यानें तसें पाहिलें होतें. मीं सांगितलें, “आग ओकणारा तो युरोपांतला. तो द्रव्यावर बसतो आणि शेवटीं कोणा वीराच्या हातून मरतो. चिनांतला हा पाण्यांत राहतो, ढगांत फिरतो आणि पाऊस पाडतो. अवर्षण पडलें कीं तिकडचे शेतकरी याची प्रार्थना करीत.”

“मग गुर्जी,” तो मुलगा बाहेर पाहून म्हणाला, “ह्याला आत्ता हितं कशापायी बलावला? भात कुजंल की!”

पडवींत पावसासाठीं थांबलेले एक वृद्ध गृहस्थ हें ऐकत होते. हंसूं ओसरल्यावर ते म्हणाले, “मास्तर, माझा थोरला भाऊ बासष्ट साली सरहद्दीवर व्हता. चिन्याचं सोंग आमच्या पोरांनी का म्हणून नाचवायचं?”

हाच प्रश्न मी घरून घेऊन निघालों होतों. परंतु दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला उत्तर देणें मला भाग पडलें. मीं म्हटलें, “आपल्या जवानांनीं सोसलें तें विसरावयाचें नाहीं. पण हा प्राणी त्या भांडणाहून फार जुना आहे, आणि आपल्या नात्यांतला आहे. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेंत गेले तेव्हां ‘नाग’ या आपल्या शब्दासाठीं पंडितांनीं ‘लुंग’ हा शब्द योजला. लुंग म्हणजे हाच ड्रॅगन. आपल्या नागार्जुनाला ते लोक ‘लुंग-शू’, म्हणजे नागवृक्ष, म्हणतात. कुमारजीवानें इ. स. ४०६ मध्यें सद्धर्मपुण्डरीक चिनींत उतरविलें. त्यांत सागर नावाच्या नागराजाच्या आठ वर्षांच्या मुलीची कथा आहे. मोठमोठे ज्ञानी शंका काढीत बसले आणि ती पोर क्षणांत बोधीला पोंचली. मुलांच्या हातांतला हा कागदही तिकडचाच. त्साय लुन नांवाच्या अधिकाऱ्यानें झाडाची साल, चिंध्या आणि जुनीं जाळीं कुटून केलेला कागद इ. स. १०५ मध्यें बादशहापुढें ठेवला, अशी नोंद आहे. पंचमीला तुमच्या घरीं पाटावर जो नाग काढतात, त्याचा हा दूरचा भाऊबंद समजा.”

“म्हंजी भाऊबंदकी हाय,” ते म्हणाले. “तरीच भांडणं!” आणि सतरंजीच्या कडेला येऊन बसले.

दुपारीं पट्ट्या जोडल्या तेव्हां अंग आखूड दिसूं लागलें. शिक्षक हळूच म्हणाला, “मी आलों त्या वर्षीं सतरा मुलें होतीं.” २०२३ सालीं सरकारनें वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यांत चौदा हजारांवर होत्या. याच तालुक्यांतील पानशेतची समूहशाळा नमुना म्हणून पुढें ठेवली गेली. मोठ्या शाळेंत सोबती मिळतात, वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो, हें मी जन्मभर शिकविलेला मनुष्य कसें नाकारूं? दोन मुलांच्या वर्गांत चढाओढ ती कसली! पण ओढे दुथडी वाहत असतां सहा वर्षांच्या मुलानें दुसऱ्या गांवीं कसें जावें, याचें उत्तर मला त्या पडवींत बसून देतां आलें नाहीं.

तिसरींत एक मुलगी होती. वय आठच. तिचे वडील पुण्यास कामाला आहेत आणि दिवाळीनंतर सगळें बिऱ्हाड तिकडे जाणार आहे. पट्ट्या जोडतांना एक मुलगा अगदीं व्यवहारानें म्हणाला, “हिची शेपटाला लावा. मग काढाया सोपी.”

ती म्हणाली, “न्हाई. माझी मधी लावा.”

शिक्षकानें माझ्याकडे पाहिलें. मीं कांहीं बोललों नाहीं. त्यानें दोन्हीं बाजूंना खळ लावून तिची पट्टी मधोमध बसविली आणि ती सुकेपर्यंत हातानें दाबून धरली.

पाऊस थोडा उघडल्यावर मिरवणूक निघाली. अकरा पट्ट्यांना काठ्या लागल्या बारा. बाराव्या काठीला मूल नव्हतें. ती मीं धरली, आणि अंगणाच्या चिखलांतून म्हशीच्या मस्तकामागें चालूं लागलों.

रात्रीं घरीं परतलों तेव्हां धोतराचा सोगा चिखलानें भरलेला होता. “दाखविलीत का चूक?” आंतून प्रश्न आला.

“नाहीं,” मीं म्हटलें, “शेंपूट धरून आलों.”