हिमातली पेरणी

पेरणी हा शब्द उच्चारला की मराठी मनात आधी पाऊस पडतो. मृगाची चाहूल, तापलेल्या मातीचा वास, चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई, हे चित्र आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्यातला एखादा धाडसी शेतकरी पाऊस येण्याआधीच कोरड्या मातीत बी टाकून मोकळा होतो. धूळपेरणी म्हणतात तिला. आभाळाच्या भरवशावर केलेला तो उधारीचा व्यवहार. पण ती उधारीही थोड्या दिवसांची. पाऊस पडला की आठवड्याच्या आत शेतात हिरवी रेघ दिसू लागते. शाळेत तर तेवढाही धीर धरावा लागत नाही. तिसरीच्या मुलांना बशीत ओला कापूस द्यावा, वर मटकीचे दाणे ठेवायला सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड, आणि आठवडाभरात खिडकीत बाग! बी म्हणजे ऊब आणि ओल मिळताच "हजर!" म्हणणारे पोर, असे आपण सारेच धरून चालतो.

अशा मुलखातल्या माणसाला कोणी सांगितले, की जगात भर हिवाळ्यात, गुडघाभर हिमात बी पेरणारी माणसे आहेत, तर त्याला ती थट्टाच वाटेल. मी ती माणसे पाहिली, आणि त्यांच्याबरोबर थोडीशी पेरणीही केली. पण ती हकीकत सांगायची तर आधी अक्काची सांगितली पाहिजे.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन अमेरिकेत गेली ती मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहरी. कॅनडाच्या सीमेकडचा तो मुलूख. जानेवारीतल्या रात्री तिथे उणे पंधरा-वीस अंश थंडी पडते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात अक्काचे यजमान हृदयविकाराने अचानक गेले. मुलगा दूरच्या राज्यात शिकायला. घरात ती एकटी. आमच्या दादाने मला शाळेतून बिनपगारी रजा काढायला लावली आणि विमानात बसवताना एकच सांगितले, "तिला घेऊनच ये. इथे घर आहे, माणसे आहेत, ऊन आहे. तिथे त्या बर्फात एकटी काय करणार?"

दादाच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. डिसेंबरात मी तिथे पोचले तेव्हा अक्का खिडकीशी बसून असायची. रडत नसे, बोलतही नसे. परत चल म्हटले की "बघू" म्हणायची. चहा ढवळत राहायची, आणि तो गार झाला की मोरीत ओतून द्यायची. बाहेर हिम पडत होते. तो हिवाळाही साधा नव्हता. त्या शहराच्या नोंदीत अतिशय हिमाचे म्हणून जे थोडे हिवाळे आहेत, त्यांत 2022-23 चा हिवाळा गणला जातो. घरांपुढे उपसून टाकलेल्या हिमाचे ढीग माणसाच्या उंचीला भिडले होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या बाई दारात उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढचे. आजोबा-आजी नॉर्वेहून आलेले. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी विचारले, "तुमच्याकडे दुधाचे रिकामे गॅलन आहेत का?" तिकडे दूध गॅलनने, म्हणजे पावणेचार-एक लिटरच्या मुठीच्या प्लॅस्टिकच्या बुधल्यांतून मिळते. आमचे मराठी घर, त्यात मी चहाबाज. रिकाम्या बुधल्यांना काय तोटा! "मग चाकू घेऊन या, आपण पेरणी करू," बाई म्हणाल्या. अक्काने इतक्या दिवसांत प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले. या बाईंचे डोके फिरले की काय, असा प्रश्न आम्हा दोघींच्या चेहऱ्यावर एकदमच उमटला असावा.

रीत अगदी सोपी आहे. बुधल्याच्या तळाला पाणी निचरण्यापुरती भोके पाडायची. मग मधोमध आडवा काप घ्यायचा. मात्र मुठीखालचा थोडा भाग तसाच ठेवायचा, म्हणजे वरचा अर्धा पेटीच्या झाकणासारखा उघडतो. आत चार बोटे भुसभुशीत, ओलसर माती घालायची, तीवर बी पसरायचे, हलक्या हाताने दाबायचे, आणि झाकण मिटून चिकटपट्टी लावायची. तोंडाचे बूच मात्र फेकून द्यायचे. तेवढ्या वाटेने पाऊस, हिम आणि वारा आत जातो. आणि मग तो बुधला उचलून सरळ अंगणातल्या हिमात नेऊन ठेवायचा. पाणी आभाळ घालते, राखण थंडी करते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ट्रूडी डेव्हिडॉफ या बाईंनी ही रीत "विंटर सोइंग" या नावाने घरोघर पोचवली. रोपवाटिका नको, दिवे नकोत, खिडक्या अडवायला नकोत. त्यामुळे नवख्या माणसालाही ती जमते.

माझ्यातल्या शिक्षिकेला राहवले नाही. मी विचारले, "पण घरात, शेगडीच्या उबेत का नाही ठेवायचे? लवकर नाही का येणार?"

"येणारच नाही," त्या म्हणाल्या. "या बियांना हिवाळा लागतो."

पुढे मी त्याची माहिती मिळवली. तिकडच्या माळरानावरच्या पुष्कळ रानफुलांचे बी शरद ऋतूत पिकून गळते. ते लगेच उगवले तर महिनाभरात येणारा हिवाळा कोवळ्या रोपांचा फडशा पाडील. म्हणून निसर्गाने त्या बियांना कुलूप घालून ठेवले आहे. उगवण रोखून धरणारे ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य बियांत असते. ओलसर थंडीत आठवड्यांमागून आठवडे गेले की त्याचा जोर ओसरतो, आणि उगवणीला चालना देणारी जिबरेलिने वरचढ होतात. काही बियांना महिनाभर, काहींना दोन-तीन महिने अशी थंडी लागते. सफरचंदाचे बी त्यांतलेच. एखाद दुसऱ्या उबदार दिवसाला हे बी फसत नाही. जणू ते थंडीचे दिवस मोजत असते, आणि मोजणी पुरी झाल्याशिवाय दार उघडत नाही. त्यातही थंडी ओली लागते; कोरडे बी नुसते गारठून ही मोजणी सुरूच होत नाही.

आपल्याकडच्या बियांनाही कुलपे असतात, फक्त किल्ल्या निराळ्या. बाभळीचे बी शेळीच्या पोटातून जाऊन आले की चांगले उगवते, हे आपल्या धनगरांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होते. जसा मुलूख तशी किल्ली.

त्या दिवशी आम्ही बारा बुधले भरले. कापण्याचे काम अक्काने आपणहून घेतले. बियांच्या पुड्यांत मिल्कवीडची एक पुडी होती. तिचे चित्र पाहून अक्का म्हणाली, "अगं, ही तर आपली रुई!" आणि खरोखरच ती आपल्या रुईची नातलग. देठ मोडला की तसाच पांढरा चीक. शेंग फुटली की रेशमी पिसे लावून उडणाऱ्या तशाच "म्हाताऱ्या". आपल्या रुईवर जसे एक नारिंगी फुलपाखरू अंडी घालते, तसे मिल्कवीडवर मोनार्क घालते. त्याच्या सुरवंटाला दुसरे झाड चालतच नाही. तीच फुलपाखरे हिवाळ्यात हजारो मैल उडून मेक्सिकोच्या डोंगरांत जातात. अक्काने बुधल्यांवर पेन्सिलीने नावे लिहिली, तीही देवनागरीत. मिल्कवीडच्या बुधल्यावर तिने "रुई" लिहिले. शेजारच्या बाई त्या अक्षरांकडे बघून म्हणाल्या, "आता मला वसंतापर्यंत काही कळायचे नाही." त्यावर अक्का किंचित हसली.

पुढचे दोन महिने बुधले दिसतही नव्हते. वर दोन-दोन फूट हिम साचले. मी फावडे घेऊन निघाले तेव्हा बाईंनी अडवले. हिम ही रजई आहे म्हणाल्या. वर हवा उणे वीस असली तरी साचलेल्या हिमाखाली जमीन शून्याच्या आसपासच राहते. उकरून काढाल तर उघडी पडतील.

फेब्रुवारीत दादाचा फोन दर रविवारी येई. "तिकीट काढू का?" अक्का पुन्हा "बघू" म्हणे. एकदा मात्र ती मला म्हणाली, "दादाला वाटतं, मी इथे अडकून पडले आहे. तसं नाही गं. मला इथून उठायचं आहे की बसायचं आहे, तेच अजून कळत नाही. कळेपर्यंत मला कोणी हलवू नका." कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी पुढचे प्रकरण लिहून टाकण्याचा मोह होतो. पण ते प्रकरण तिचे होते. मी गप्प बसले.

मिशिगन राज्यात 1879 साली विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओल्या वाळूत बिया मिसळून वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. बी किती वर्षे जिवंत राहते, हे त्यांना पाहायचे होते. ठरावीक वर्षांनी त्यातली एकेक बाटली रात्रीच्या अंधारात उकरून काढतात. उजेडाने बी जागे होऊ नये म्हणून रात्रीची वेळ. 2021 साली एक काढली, तेव्हा 141 वर्षांनंतरही त्यातल्या काही बिया उगवल्या. शेवटची बाटली 2100 साली निघायची आहे. मी ही गोष्ट वाचली आणि वाटले, निपचित पडलेले बी मेले आहे की थांबले आहे, हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरची काही मुले मला तिथे, त्या परक्या देशात, आठवली.

मात्र याचा अर्थ थंडी सगळ्यांनाच हितकर, असा कोणी काढू नये. आपल्या मिरचीचे किंवा वांग्याचे बी जानेवारीच्या त्या गारठ्यात ठेवले तर त्याचे भले व्हायचे नाही; उबेच्या मुलखातले ते, त्याला ऊबच हवी. बाई टोमॅटोचे बी एप्रिलपर्यंत पेरत नसत. दुःखाने माणूस घडतो, असे आपण सांत्वनाला गेलो की सहज बोलून जातो. कोणी घडतो, कोणी कुजतो. कोणते बी कोणत्या मुलखाचे, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

एप्रिलच्या मध्याला अचानक कडक ऊन पडले, एक-दोन दिवस तर चक्क उकडले. झाकणे उघडली तर चार बुधल्यांत हिरवे ठिपके! घरात खिडकीशी वाढवलेली रोपे उजेडासाठी ताणून लांबुडकी, लेचीपेची होतात आणि बाहेर नेताच माना टाकतात. ही मात्र बुटकी, गच्च, जमिनीला धरून बसलेली. आठवडा उलटायच्या आत पुन्हा हिम पडले. मी घाबरले. अक्काने नुसती झाकणे मिटली. हिम वितळले तेव्हा रोपे जशीच्या तशी होती.

"रुई"च्या बुधल्यात मात्र मी असेपर्यंत काहीच आले नाही. माझी रजा संपली आणि एप्रिलअखेर मी एकटीच परतले. विमानतळावर दादा काही बोलला नाही. त्याचा राग मला रास्तच वाटला, कारण त्यामागे माया होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अक्काचा फोन आला. आवाज मोठा होता. "अगं, रुई आली! सोळा रोपं आहेत. मी मोजली."

बारातले तीन बुधले रिकामेच राहिले. अक्काचे एकटेपणही संपले असे मी म्हणणार नाही. तिथले हिवाळे तेवढेच लांब आहेत, आणि दादा अजूनही दर रविवारी विचारतोच. आता ती "बघू" म्हणत नाही. "इथेच बरी आहे, उन्हाळ्यात येऊन जाईन," म्हणते आणि येऊनही जाते. 2025 च्या जुलैत, तिसऱ्या वर्षी त्या झाडांना गुलाबी फुलांचे झुबके आले आणि पानांवर पट्टेदार सुरवंट दिसले.

इकडे आपण पणत्या लावतो आहोत, तिकडे शेंगा फुटून म्हाताऱ्या उडू लागल्या आहेत. अक्का त्यातले बी वेचून कागदाच्या पुड्यांत भरते आहे. आणि सध्या तिच्या घरी दुधाचा एकही रिकामा बुधला कोणाला टाकू देत नाहीत.