मूळ संख्यांची खतावणी

उमेदीची सारी वर्षे जमाखर्चाच्या दप्तरात गेलेल्या माणसाला आकड्यांचा वीट यावा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सेवानिवृत्त होऊन भिंगारला येऊन राहिल्यावर मी जी लांबट वही आखली, तिच्यात रुपये-पैशांच्या जागी मूळ संख्या आणि लगतच्या दोन मूळ संख्यांमधील अंतरे यांचीच नोंद झाली. भिंगारसारख्याच छावणीच्या गावी, देवळालीला, शाळेत शिकवीत संख्यांचा आजन्म व्यासंग करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर माझ्या मनात होते.

पहिल्या हजारात मूळ संख्या १६८, म्हणजे अंतरे १६७. त्यांत २ हे अंतर ३५ वेळा, ४ हे ४० वेळा आणि ६ हे ४४ वेळा आले. सहाच्या या प्राबल्याचे कारण स्वच्छ आहे. ३ च्या पुढील प्रत्येक मूळ संख्या सहाच्या एखाद्या पटीहून एकाने उणी किंवा एकाने अधिक असते, कारण बाकीच्या संख्यांना दोनाने किंवा तिनाने भाग जातो. म्हणून उण्या संख्येपासून दोनाचे, अधिक संख्येपासून चाराचे, पण सहाचे मात्र दोहोंपासून अंतर संभवते.

हे उमगल्यावर मी ५ पासून पुढच्या नोंदींतील ६, १२ आणि १८ ही अंतरे तांबड्या शाईने छेकली. उरलेल्या रकान्यात २, ४, २, ४ असा क्रम लागला. ८९ नंतर दोनाच्या जागी ८ आले, ११३ नंतर १४ आले, तरी पाळी चुकली नाही. २, ८, १४, २० या घराण्याच्या नोंदींची बेरीज ५७ भरली, ४ आणि १० यांच्या नोंदींची ५६; एकाचा फरकही हिशेबाचाच, कारण आरंभीचे ५ उणे आणि अखेरचे ९९७ अधिक. इतका चोख ताळा मी सरकारी दप्तरातही क्वचितच पाहिला होता, आणि त्या रात्री आनंदाने मला झोप लागली नाही.

दोनाची अंतरे कधी संपतात की नाही, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. २०१३ साली यितांग झांग यांनी सात कोटींच्या आतील अंतराच्या जोड्या अनंत असल्याचे सिद्ध केले, आणि पुढे इतरांच्या परिश्रमाने ती मर्यादा २४६ वर आली. माझ्या वहीत ८८१ आणि ८८३ यांच्यानंतर हजारापर्यंत दोनाचे अंतर नाही. १०१९ आणि १०२१ यांच्यासाठी मी पुढचे पान आखले आहे.