रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या टापूत सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. एक पहिल्या पानापासून सुरुवात करतो. दुसरा थेट आतल्या पानावरच्या ‘निधन’ या मथळ्याखाली शिरतो. या दुसऱ्या वर्गात वयस्करांचा भरणा अधिक, आणि ‘आज कोण गेलं?’ असं विचारून घरातली पोरं त्यांची चेष्टाही करतात. पण त्यांचा हिशेब साधा आहे. दिल्लीत मंत्रिमंडळ बदललं तर आपल्याला कुठं जावं लागत नाही. उत्तरेश्वर पेठेतला एखादा निवृत्त एसटी कंडक्टर गेला असेल, तर मात्र नऊच्या आत पंचगंगेवर पोचावं लागतं.

या मजकुराचा साचा ठरलेला आहे. नाव, कंसात वय, पेठ किंवा गाव, मग कारण, मग परिवार, मग वेळ. सगळं मिळून चाळीस-पन्नास शब्द. कारणंही मोजकी: वृद्धापकाळाने, अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने. वय ८४ आणि ‘वृद्धापकाळाने’ असेल तर वाचणारा मान हलवून पुढच्या चौकटीकडे जातो. वय ३६ आणि ‘अल्पशा आजाराने’ असेल तर तो थांबतो, पेठेचं नाव पुन्हा वाचतो आणि चहाचा कप खाली ठेवून कुणाला तरी फोन लावतो. ‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे, परतवंडे असा परिवार आहे’ या एका वाक्यात घराची पूर्ण शिरगणती होते. ज्या बाईचं नाव रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडून कुठं छापून आलं नव्हतं, तिचं नाव इथं ठळक अक्षरांत येतं, आणि बहुतेकदा पहिल्यांदा आणि शेवटचंच येतं.

याच चौकटींत शहराची वस्तीही कळते. कुणाच्या नावामागे ह. भ. प. असतं, म्हणजे अंत्ययात्रेत टाळ-मृदंग होता. बौद्ध घरातलं माणूस असेल तर ‘कालकथित’ लिहिलेलं असतं आणि पुढं पुण्यानुमोदनाची तारीख येते. मुस्लीम घरातल्या निधनवार्तेच्या शेवटी जियारतीचा दिवस, वेळ आणि मशिदीचं नाव असतं. लिंगायत समाजात मृताला आसनस्थ करून, फुलांनी सजवून नेतात आणि दफन करतात, म्हणून त्यांच्या चौकटीत रक्षाविसर्जनाची ओळ नसते. आयुष्यभर वेगळ्या पेठांत राहिलेली, वेगळ्या देवळांत-मशिदींत गेलेली ही माणसं छापील कागदावर मात्र शेजारी शेजारी येतात. त्यांतलं कुणी कुणाला ओळखतही नसेल, पण वाचणाऱ्याला दोघांच्याही घरी जायचं असू शकतं.

बाहेरगावच्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. या बातम्यांत अंत्ययात्रेची वेळ क्वचितच का असते? रक्षाविसर्जनाचीच का? उत्तर छापखान्याच्या वेळापत्रकात आहे. दुपारी माणूस गेला तर संध्याकाळपर्यंत, रात्री गेला तर सकाळी लवकर, असे अंत्यसंस्कार होऊन जातात. अंक वाचकाच्या दारात पडतो तेव्हा चिता विझत आलेली असते. वर्तमानपत्र मातीला बोलावूच शकत नाही, ते बोलावतं रक्षेला. म्हणून इथं राख सावडण्याचा विधी गर्दीचा. अंत्यसंस्काराला पोचता न आलेला मावसभाऊ, जुन्या कारखान्यातला सहकारी, मुलीच्या सासरची मंडळी, सगळे त्या सकाळी नदीवर भेटतात. वेळही सोयीची असते: आठ, साडेआठ, नऊ. तिथून सरळ कामावर जाता येतं.

पहिले काही तास मात्र कागदावर चालत नाहीत, ते तोंडी चालतात. खेड्यात ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भोंग्यावरून नाव पुकारलं जातं. शहरात तालमीच्या किंवा मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलं जातं, आणि आता त्याआधी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडायला लागतात. कोल्हापूरच्या तालमी कुस्तीसाठी आणि फुटबॉलसाठी ओळखल्या जातात. अडल्या घरी पहिली धावणारी पोरंही त्यांचीच असतात. कुणी न सांगता कामं वाटली जातात. एकजण कळक आणि कामट्या आणायला, एकजण डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्यायला, एकजण शववाहिकेला फोन करायला. अंत्यविधीचं सामान विकणाऱ्या दुकानात फार बोलावं लागत नाही. मडकं, सुतळी, पांढरं कापड, गुलाल, बुक्का, कापूर, सगळं एकत्र बांधून मिळतं. तिरडी बांधायला गल्लीत एखादाच जाणता असतो, आणि तो येईपर्यंत बाकीचे कळकाला हात लावत नाहीत.

दारात जमलेल्या पुरुषांमध्ये या काळात एकच खरा प्रश्न असतो.

“कुणाची वाट बघायचीय, दादा?”

“थोरली पुण्यास्नं निघालीया.”

“कुठवर आली?”

“कराड सोडलंय म्हणं. पेठनाक्याला आली की उचलायची तयारी करूया.”

सातारा, कराड, पेठनाका, किणी टोलनाका. महामार्गावरची ही ठिकाणं एरवी चहा-वड्याची. त्या दिवशी ती घड्याळ होतात. लेक गाडीत रडत असते आणि इकडं चुलते तिच्या येण्याचा अंदाज घेऊन मडक्यात विस्तव घालायचा की थांबायचं ते ठरवत असतात. यात कुणाला कोरडेपणा वाटत नाही. लेकीला तोंड बघायला मिळालं पाहिजे, यासाठीच तर हा सगळा हिशेब.

आतल्या घरात वेगळी व्यवस्था चालू असते. ज्या घरात मयत झालं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या तीन-चार घरांत भाकरी थापल्या जातात, पिठलं होतं, आणि नदीवरून परतलेल्यांना, भुकेने कासावीस झालेल्या पोरांना, सकाळपासून पाणीही न प्यालेल्या म्हाताऱ्यांना बळेच बसवून घास भरवला जातो. या कडू घासाची आठवण वर्षानुवर्षं राहते. पुढं दोन्ही घरांत बांधावरून वा नळावरून कितीही भांडणं झाली, तरी ‘आमचा म्हातारा गेला तेव्हा भाकरी त्यांच्याकडनं आलती’ हे कुणी विसरत नाही.

अंत्ययात्रा पंचगंगेकडे निघते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात, लुप्त सरस्वती पाचवी मानली जाते, आणि तिथून ही नदी पंचगंगा म्हणून शहराला वळसा घालते. तिच्या घाटावर करवीरच्या राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत, आणि नदीकाठीच गावकऱ्यांची स्मशानभूमी. कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प, कुठंही गेलं तरी गरिबाला लाकडासाठी उसनवार करावी लागत नाही. एका चितेला साधारण ३०० किलो लाकूड लागतं असं धरलं जातं. कोल्हापुरात त्यातला बराच भार शेणी उचलतात. बाकी महाराष्ट्र जिला गोवरी म्हणतो ती इथली शेणी. या शेणी मोठ्या प्रमाणात लोकांनी दान दिलेल्या असतात. ज्याच्या चितेला त्या लागतील तो देणाऱ्याच्या ओळखीचा असेलच असं नाही.

अशी व्यवस्था हाताशी नसली की काय होतं, हे या शहराच्या एका राजाने दाखवून दिलं. दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासाला गेले. परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्समध्ये कुणी चिता रचलेली पाहिली नव्हती. महाराजांसोबतच्या मंडळींना नगर प्रशासनाची खास परवानगी काढावी लागली. जागा निवडली गेली ती आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावरची. परक्या मुलखातही त्यांनी संगमच शोधला. १८७४ मध्ये त्या ठिकाणी छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा बसवला गेला. शेजारून जाणारा मोठा पूल विसाव्या शतकातला, पण फ्लॉरेन्सचे लोक त्याला आजही त्या ‘इंडियन’च्याच नावाने ओळखतात. कोल्हापूरकर तिथं सहलीला गेले की पुतळ्यासमोर हात जोडतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या रक्षेला उशिरा पोचल्यासारखंच ते.

व्यवस्था म्हटली की ती कोण करणार, कुणाच्या हाताने होणार हेही आलं, आणि तिथं वादही आले. पुण्यात नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव फुले गेले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती, पण वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहन करावं लागलं. टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्र यशवंतच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः उचललं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. आज गावोगावच्या बातमीदारांकडे ‘मुलींनी दिला खांदा’ हा मथळा अधूनमधून येतो आणि छापलाही जातो. तो अजून बातमी होतो, यातच बरंच काही आलं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे सगळं बंद, असा ठराव ग्रामपंचायतीने केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. ठराव झाला म्हणून एका रात्रीत सगळं बदलतं असं नाही. पण तिरडी उचलायच्या वेळी बांगड्यांकडे हात नेणाऱ्या म्हातारीला ‘आत्ती, राहू दे’ म्हणणाऱ्या सुनेच्या पाठीशी आता कागद आहे.

त्याआधी, २०२० मध्ये, कोविड आला होता. अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, असा नियम झाला. ज्या भागात साध्या शेतमजुराच्या मातीलाही दोन-तीनशे माणूस जमतं, तिथं वीसजणांची यादी करायची म्हणजे कुणाला वगळायचं ते ठरवायचं. चुलत्यांपैकी कोण, मित्रांपैकी कोण? कोविडने गेलेल्यांच्या बाबतीत तर खांदाही राहिला नाही. पीपीई किट घातलेले पालिकेचे कर्मचारी सगळं करत होते. तिरडी बांधणारा जाणता, तालमीची पोरं, भाकरी थापणाऱ्या बायका, सगळे घरात मोकळ्या हातांनी बसले होते. त्या दिवसांतल्या दुःखाबद्दल लोक आजही बोलतात तेव्हा ‘शेवटचं तोंड बघता आलं नाही’ याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ‘काही करता आलं नाही.’

नंतर गर्दी परत आली, पण मजकुरात नव्या ओळी शिरल्या. ‘त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान करण्यात आले’ ही ओळ आता नवलाची राहिलेली नाही. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, त्यामुळे कुणाची वाट बघायची या जुन्या प्रश्नाआधी नेत्रपेढीला कुणी फोन करायचा हा प्रश्न येतो. काही घरं रक्षा नदीत सोडत नाहीत. शेताच्या बांधावर खड्डा घेऊन त्यात ती टाकतात आणि वर आंब्याचं नाहीतर नारळाचं रोप लावतात. पंचगंगेच्या प्रदूषणाची ओरड ऐकून गावांनी काढलेला हा मार्ग. कावळ्याला मात्र सुट्टी नाही. दहाव्याला पिंड ठेवून मंडळी लांब उभी राहतात, आणि कावळा शिवेना की ‘म्हाताऱ्याचा जीव म्हशीत अडकला असंल’ म्हणत धाकटा पुढं होऊन ‘म्हस इकत नाही, आबा’ असं आकाशाकडे बघून कबूल करतो. रडून लाल झालेल्या डोळ्यांनीही लोक तिथं हसतात.

सरकारदरबारी २१ दिवसांची मुदत असते. १९६९ च्या कायद्यानुसार तेवढ्यात मृत्यूची नोंद व्हायला हवी. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या कार्यालयात मुलगा जातो आणि वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, वय, पत्ता असं सगळं सांगतो. दाखल्याच्या दहा प्रती काढ, असा सल्ला रांगेतलाच कुणी अनुभवी देतो. बँकेला एक, सातबाऱ्याला एक, पेन्शनला एक.

आणि फाल्गुनात होळी येते. शेणीदानाची आवाहनं दरवर्षी होतात: होळी लहान करा, शेणी स्मशानाला द्या. पेठांमधली मंडळं, तालमी, शाळांमधली मुलं आपली होळी कमरेएवढीच रचतात आणि उरलेल्या शेणी टेम्पो-ट्रॅक्टरमध्ये भरून पंचगंगेवर नेतात. बोंब मारून घसा बसलेली पोरं स्मशानभूमीत ओळीने उभी राहून शेणी हातोहात आत देतात, कर्मचारी थप्पी लावतो, मंडळाचं नाव नि आकडा वहीत लिहितो, आणि मागच्या वर्षीपेक्षा आपल्या तालमीच्या शेणी कमी भरल्या की जास्त, यावर दारातच वाद सुरू होतो.