आधी हिशेब, मग हाणामारी

चि. ओंकार,


ॲनिमेशनमधल्या लढतींबद्दलचं तुझं म्हणणं वाचलं. डोकं चालवून जिंकलेली लढत खरी आणि ताकदीवर जिंकलेली म्हणजे नुसता आरडाओरडा, असा तुझा निवाडा. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' ही म्हण तुझ्या बाजूला आहेच. पण आपल्याच भाषेत 'बळी तो कान पिळी'ही आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत. मला वाटतं, तू रेघ भलत्याच जागी ओढलीस. शेवटी जे कामी आलं ते प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आधीपासून होतं का, आणि त्याची किंमत कुणी मोजली का, यावर लढत रंगते.

आधी तुझ्या बाजूचाच साक्षीदार घेऊ. 'नारुतो'मधल्या चुनिन परीक्षेत शिकामारू आपल्या सावलीने प्रतिस्पर्धी तेमारीला जखडतो. त्याची सावली ठरावीक अंतरापलीकडे जात नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. सूर्य कलतो तशी भिंतीची सावली लांबते आणि त्याचा पल्लाही वाढतो. तेमारीचं लक्ष वर उडवलेल्या जाकिटाकडे असताना सावली तिच्या मागच्या भुयारातून येते. ते भुयार नारुतोने आधीच्या लढतीत खणलेलं, आपण पाहिलेलं. म्हणजे डावाचं सगळं सामान आपल्यासमोरच पडलेलं होतं. शिवाय चक्रा, म्हणजे अंगातलं बळ, संपत आल्यामुळे शिकामारू जिंकता जिंकता हार मानतो. युक्तीलाही खर्च असतो, हे तिथे विसरलेलं नाही.

आता त्याच परीक्षेतला रॉक ली बघ. निन्जांच्या निन्जुत्सू आणि गेन्जुत्सू या विद्यांपैकी त्याला एकही येत नाही. आहे ती कसून केलेली अंगमेहनत. पायांची वजनं सोडल्यावर जमीन हादरते, तेव्हा इतका वेळ तो काय ओझं वाहत होता ते एका क्षणात कळतं. पुढे तो शरीरातल्या शक्तीला आवर घालणारी 'द्वारं' उघडतो. त्याने देह मोडतो हे आधीच बजावलेलं असतं, आणि तो मोडतोही: प्रतिस्पर्धी गाराची वाळू त्याचा एक हात आणि एक पाय चिरडते, ली हरतो. यात डावपेच नावालाच आहेत, तरी या लढतीला आरडाओरडा म्हणशील? 'ड्रॅगन बॉल झी'मध्येही खलनायक फ्रीझाचं ५,३०,००० हे बळ आधी सांगितलेलं, सुपर सायनची दंतकथा व्हेजिटाच्या तोंडी आधी आलेली. म्हणून मित्र क्रिलिनच्या मृत्यूनंतरचं गोकूचं रूपांतर पटतं. पुढे रूपांतरांवर रूपांतरं येत गेली आणि त्या आकड्यांना अर्थ उरला नाही. तुझी तक्रार खरी आहे ती या न कमावता उधार आणलेल्या बळाबद्दल. ताकदीला त्यात कशाला ओढतोस?

तू म्हणशील, युक्तीत निदान लबाडी नसते. असते की! 'तू हेच करणार हे मी आधीच ओळखलं होतं' म्हणत पडद्याआड शिजवलेला बेत शेवटी काढणारा नायक आणि ऐनवेळी नवं बळ सापडलेला नायक, दोघेही एकाच उधारीवर जगतात. दुसरा आक्षेप असा की, हिशेब मांडत बसलं तर लढतीचं व्याख्यान होतं. अनेकदा होतं, हे कबूल. पण २००८ साली संपलेल्या 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'मधली कतारा आणि अझुला यांची लढत आठव. धूमकेतूमुळे अझुलाची आग कैक पटींनी वाढलेली, बळात कतारा कमी. ती अझुलाला पाण्यावरच्या जाळीपाशी येऊ देते, पाणी उसळवून दोघींनाही बर्फात गोठवते, आणि त्या बर्फात फक्त तिलाच हलता येत असल्याने अझुलाचे हात साखळीने जखडते. समजावून सांगणारं एक वाक्य नाही. पाणी, जाळी, साखळी सगळं चित्रात आहे आणि पाण्यावर तिची हुकमत आपण तीन पर्वं पाहिली आहे.

तेव्हा यापुढे लढत पाहताना युक्ती जिंकली की शक्ती, हे मोजू नकोस. शेवटच्या घावाशी थांब आणि तो कुठून आला ते मागे जाऊन शोध. सापडला तर लढत चोख. नाही सापडला, तर नायक कितीही हुशार असो, लेखकाने तुला फसवलं आहे.

तुझा,
मामा