पेटीत ठेवलेले पुस्तक

पुनरुत्थानाचा सण आटोपला की घरोघरी जाऊन आशीर्वाद देण्याचा आमचा क्रम सुरू होतो. एका संध्याकाळी आठ-दहा घरे होतात. प्रार्थना म्हणायची, पवित्र पाणी शिंपडायचे, चहाला नको म्हणायचे आणि अखेर तो घ्यायचाच. या फिरतीत मला एक खोड जडली आहे. घरातल्या वेदीसमोर उभा राहून प्रार्थना म्हणत असतानाच माझी नजर पुस्तके शोधू लागते. बायबल बहुतेक ठिकाणी असते. धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले. त्याखेरीज जपमाळेची पुस्तिका, गतवर्षीचे कॅलेंडर आणि मुलांची गाइडे. एवढ्यावर बहुतेक कपाटे संपतात.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलो. जपमाळ झाली की वडील कंदील जवळ ओढून 'निरोप्या'चा अंक वाचत. पुढे पुण्याचे बिशप झालेले फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली ज्या मासिकाचे बी पेरले, त्याचे पीक आमच्या ओसरीपर्यंत पोहोचले होते. वडील अडखळत वाचत. जोडाक्षर आले की थांबत, आणि तेवढ्यात आई पुढचा शब्द सुचवी. तिला वाचता येत नसे, पण अर्थाच्या ओघाने तिला तो कळे. दोघांच्या त्या अडखळण्यातून मला मराठी आली, असे मी आजही मानतो.

घरात बसून, मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे वाचण्याची ही रीत आपल्याकडे परदेशातून आली, असे कोणी म्हणाले तर मला ते पटत नाही. पोथी वाचणे हे या मातीतलेच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे नेमके ओळखले होते. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुनी पुराणे गेली होती आणि त्या रिकाम्या हातांत ठेवायला दुसरे काही नव्हते. त्यांची ती मागणी ऐकून फादरांनी 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. अक्षरे रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. अकरा हजारांच्या घरातील या ओव्या देवळांत व घरांत वाचल्या जात. देवनागरीत त्या सर्वसामान्य वाचकाला मिळायला मात्र 1956 साल उजाडावे लागले. ती आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी सिद्ध केली आणि ती आपल्या पुण्यातच प्रसिद्ध झाली.

पुढची परंपरा बहुतांशी प्रॉटेस्टंट बांधवांची आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे. पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले आणि मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातांनी ते छापून 1924 साली बाहेर पडले; बाईंचे देहावसान त्यापूर्वीच, 1922 साली झाले होते. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'! माझी प्रत मी अप्पा बळवंत चौकातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतली. तिच्यावर कोणा चहा पिणाऱ्याच्या कपाचे वर्तुळ उमटले आहे. हे पुस्तक घरात मोठ्याने वाचले तर हसून हसून जपमाळ विस्कटेल, एवढीच भीती. रेव्हरंड टिळकांची भजने आपण कॅथॉलिक मंडळी पवित्र मिस्सेत गातो. गाताना त्यांचा पंथ कोणी विचारत नाही. मात्र पुस्तक हाती आले की आपण आधी प्रकाशकाचे नाव पाहतो. मीही पाहत असे.

ते आता सांगितले पाहिजे.

1999 साली मी नवा, तरुण साहाय्यक धर्मगुरू म्हणून पुण्यातल्या याच धर्मग्रामात होतो. उपवासकाळ चालू होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "फादर, डर्कला जाळणारे लोक कॅथॉलिक होते ना?" वर्गात शांतता पसरली. मी उत्तर टाळले आणि संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.

मुलाची आजी निवृत्त परिचारिका. तरुणपणी ती धमतरीच्या मिशन रुग्णालयात शिकली होती. अमेरिकेतील मेनोनाइट मंडळी 1899 साली, दुष्काळाच्या दिवसांत, धमतरीला आली. त्यांनी चालवलेले ते रुग्णालय. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी निरोपाच्या वेळी तिला एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. रोज जपमाळेनंतर ती त्यातले एखादे पान मराठीत सांगे.

मेनोनाइट हे ॲनाबॅप्टिस्टांपैकी. तान्ह्या बालकाला नव्हे, तर स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे म्हणणारा हा पंथ 1525 साली झुरिकमध्ये उदयास आला. ज्यांच्या नावाने मेनोनाइट ओळखले जातात ते मेनो सायमन्स आधी कॅथॉलिक धर्मगुरू होते. हे लोक शस्त्र धरीत नसत आणि शपथ घेत नसत. त्यांना प्रॉटेस्टंटांनी बुडवले आणि कॅथॉलिकांनी जाळले. त्यांच्या हुतात्म्यांच्या कथा टीलेमान व्हान ब्राख्त या डच माणसाने 1660 साली एका जाडजूड ग्रंथात एकत्र केल्या. 'हुतात्म्यांचा आरसा' असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. त्यांच्या कित्येक घरांत बायबलच्या शेजारी हा ग्रंथ असतो.

डर्क विलेम्सची कथा त्यातलीच. त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता आणि आपल्या घरात इतरांचेही बाप्तिस्मे होऊ दिले होते, म्हणून तो कैदेत पडला. कापडांच्या गाठी मारून केलेल्या दोरावरून तो खाली उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळत सुटला. उपाशी देह हलका, म्हणून बर्फाने त्याला पेलले. मागून धावणारा शिपाई मात्र बर्फ फुटून आत पडला. डर्क परत फिरला. त्याने हात देऊन त्या माणसाला बाहेर काढले. शिपायाला त्याला सोडून द्यायचे होते; पण पलीकडून नगराधिकाऱ्याने त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. 16 मे 1569 रोजी हॉलंडमधील आस्पेरेन येथे डर्कला जाळण्यात आले.

मी आजीला म्हणालो, "बाई, हे पुस्तक मुलांपुढे नको. आपल्या ख्रिस्तसभेविषयी त्यांच्या मनात किंतू येईल. संतांची चरित्रे वाचा."

"बरं, फादर," ती म्हणाली.

मी समाधानाने परतलो. वास्तविक मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर शिकलेला धर्मगुरू. ख्रिस्ती ऐक्याचा हुकूमनामा 1964 चा. निषिद्ध ग्रंथांची यादी 1966 सालीच रद्द झालेली. परीक्षेत या विषयावर मला चांगले गुण पडले होते. पुढच्याच वर्षी, 12 मार्च 2000 रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यावर मी प्रवचन दिले, आणि ते बरे झाले असे लोक म्हणाले. ती आजी त्या मिस्सेला तिसऱ्या बाकावर बसली होती. मला पुस्तक आठवले नाही. कॅथॉलिक आणि मेनोनाइट यांच्यात 1998 पासून चाललेल्या संवादाचा अहवाल 2003 साली पूर्ण झाला. तो वाचताना प्रथम आठवले. तेव्हा मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो, आणि पत्र लिहिणे काही जमले नाही. जमले नाही म्हणजे लिहिले नाही.

आता याच धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून परत आलो आहे. यंदा आशीर्वादाच्या फिरतीत त्या घरी गेलो. आजी आता ऐंशीच्या पुढे. मुलगा, तो प्रश्न विचारणारा, परदेशी नोकरीला. घरात त्याच्या बहिणीची छोटी मुलगी होती. प्रार्थना झाल्यावर मी चाचरत विचारले, "आजी, ते धमतरीचे पुस्तक आहे का हो अजून?"

"पेटीत आहे. तुम्हीच ठेवायला सांगितलं होतंत ना, फादर."

शब्दांत राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मग तिनेच सांगितले की मुले रोज तीच गोष्ट मागत, तिला ती सांगता येईना, दुसरी रंगेना. मग टीव्ही लागू लागला आणि जपमाळेनंतरचे वाचन हळूहळू सुटले. मी संतांची चरित्रे वाचा असे म्हणालो होतो, पण एकही आणून दिले नव्हते.

मी तिची क्षमा मागितली. ती गडबडली. धर्मगुरूने असे हात जोडलेले तिला आवडले नसावे. विषय बदलावा म्हणून तिने नातीला पेटी उघडायला लावली. साड्यांच्या खालून पुस्तिका निघाली. कडेला कसर लागलेली, आत डांबरगोळीचा वास.

"मला आता दिसत नाही," आजी म्हणाली. "तुम्हीच वाचा."

अजून चार घरे राहिली होती. वेदीवरची मेणबत्ती जळत होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि इंग्रजीवरून मराठी करत वाचू लागलो. वडिलांसारखाच अडखळत होतो. शब्द अडला की आजी पुढचा सांगे, तिला सारे पाठ होते. शिपाई बर्फात पडला तेव्हा त्या छोट्या मुलीने माझा झगा पकडला. डर्क परत फिरला तेव्हा ती म्हणाली, "वेडाच आहे!" शेवटच्या पानाशी मी थोडा थांबलो, मग तेही वाचले.

"फादर, त्याला कोणी जाळलं?" तिने विचारले.

"आपल्या लोकांनी," मी म्हणालो.

तिने आजीकडे पाहिले. आजीने मान हलवली आणि तिला चहा ठेवायला आत पाठवले.