फास्ट म्हणजे घट्ट

मुलुंड पूर्व,
रविवार

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, फास्ट म्हणजे जलद, मग 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला कसा?" तेवढ्यात तुझं अंधेरी आलं आणि गर्दीत बोलणं तुटलं. प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

फास्टचा मूळ अर्थ जलद नाहीच. घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं, असा तो हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत होता. त्याचा जर्मन भाऊ 'फेस्ट' आजही घट्टच आहे. इंग्रजीतही जुना अर्थ पुसला गेलेला नाही. धुतल्यावर न जाणारा रंग तो 'फास्ट कलर', आपला पक्का रंग. वेसाव्याचे कोळी होडी काठाला करकचून बांधतात, त्याला इंग्रज खलाशी 'मेक फास्ट' म्हणेल. गाढ झोपही त्यातलीच: झोपेनं घट्ट धरून ठेवलेला माणूस. उपासाचा फास्टसुद्धा याच कुळातला, नेमाला धरून राहणं. तो सकाळी मोडायचा म्हणून ब्रेकफास्ट. आणि गंमत बघ, आपला नाश्ता फारसीतून आला, तिथे 'नाश्ता' म्हणजे उपाशीपोटी!

मग यात वेग कुठून शिरला? घट्ट धरायला जोर लागतो. म्हणून 'घट्ट'चं 'जोरानं' झालं. आधी जोरानं लढणं, मग जोरानं धावणं, आणि धावण्यातला जोर म्हणजे वेगच. हा बदल साधारण सातशे वर्षांपूर्वीचा. तुला हे लांबचं वाटेल, पण आपणही तेच केलंय. पोराला आपण "जोरात पळ" म्हणतो. फारसीत 'जोर' म्हणजे ताकद. आणि फलाटावर रोज ऐकतेस तो 'जलद' शब्द? तोही फारसीमार्गे आलेला. त्याच्या अरबी मुळाचा अर्थ कणखर, टणक, सोसणारा. म्हणजे 'जलद लोकल' म्हण की 'फास्ट लोकल', दोन्ही शब्द ताकदीच्याच घरातून निघाले. एकमेकांची ओळख नसलेल्या दोन भाषा एकाच वाटेनं गेल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुंबईत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. इथे फास्ट म्हणजे नुसती वेगानं धावणारी गाडी नव्हे, मधली स्टेशनं सोडणारी गाडी. आमची फास्ट घाटकोपरला थांबते, विद्याविहारला नाही. तुमची बोरिवलीहून सुटली की बहुतेकदा थेट अंधेरी. म्हणून तर एवढी गर्दी, आणि दारात लोंबकळणं.

लेडीज डब्यातसुद्धा दाराशी थांबू नकोस, छकुली. आत सरक, वरची कडी घट्ट धर. फार गर्दी असेल तर ती गाडी सोड आणि मागची स्लो पकड, वीस मिनिटं उशीर झाला तरी चालेल. कॉलेजात पोचलीस की आईला फोन कर.

तुझा,
मामा